केस धुवायला व्हिएतनामला?

पत्र

ताई, नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ५१, बँकेत नोकरी. डिसेंबरात जाऊ आणि नणंद यांच्याबरोबर आठ दिवस व्हिएतनामला चालले आहे. हनोई, होई आन आणि सायगॉन. तिथल्या एखाद्या साध्या पार्लरमध्ये जाऊन केस धुवून घ्यावेत असं फार मनात आहे. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून बघून वेड लागलंय. घरात बोलले तर मिस्टर म्हणाले, "केस धुवायला व्हिएतनामला? बाथरूममध्ये गीझर आहे की!" नणंद म्हणते, तिथे अस्वच्छ असतं, भाषा येत नाही, उवा घेऊन येशील. शिवाय माझी केस रंगवायची तारीख नेमकी सहलीच्या मधे येतेय, ते तिथेच उरकावं का? पुढच्या वर्षी तीन महिने मुलीकडे ह्यूस्टनला जायचंय, तिथे आयब्रोचं काय करतात तेही जाता जाता सांगा. आणि हसू नका, पण बावीस वर्षं मी एकाच पार्लरवालीकडे जाते. दुसरीकडे गेले तर तिला वाईट वाटेल असं उगाच वाटत राहतं.

उत्तर

हसले हो. पण शेवटच्या ओळीला नाही, गीझरला. घरात गॅस असताना दर रविवारी बाहेर मिसळ खायला का जाता, एवढंच मिस्टरांना विचारा.

तुम्ही जा. आठ दिवसांत तुम्ही ज्या ज्या व्हिएतनामी माणसाशी बोलाल तो गाइड असेल, नाही तर हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा, नाही तर होई आनमध्ये कंदील विकणारी बाई. सगळे तुमच्याशी बोलायलाच तिथे उभे असलेले. गल्लीतल्या पार्लरमध्ये मात्र शेजारच्या खाटेवर आडवी झालेली बाई बाजारातून घरी जाता जाता डोकं धुवायला टेकलेली असते. हेल्मेट पायाशी, भाजीची पिशवी बाहेर स्कूटरला लटकलेली. तिला तुमच्यात काडीचाही रस नसतो. सहलीला गेलेल्या माणसाला हे सुख सहसा मिळत नाही.

पथ्य एकच. त्या गावचे हात जे काम दिवसातून वीस वेळा करतात तेच मागायचं. आपली मुलुंडची बाई जे करते ते तिथे मागायला गेलात की फसलात.

हे मी अक्कलखाती पैसे भरून शिकलेय. काही वर्षांपूर्वी भाच्याकडे जर्मनीत गेले होते, नोव्हेंबर महिना. निघायच्या गडबडीत केस कापायचे राहिले, म्हटलं तिथे कापू, त्यात काय. सोमवारी गेले तर दाराला कुलूप. तिथेही केस कापणाऱ्यांची सुट्टी सोमवारीच, आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयासारखी. मंगळवारी पुन्हा गेले. भिंतीवर दरपत्रक होतं, आखूड, मध्यम, लांब असे वेगवेगळे भाव. माझी वेणी बघून बाईने थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी आपली हातवारे करून दादरला करतात तसा स्टेप कट मागतेय. दादरला कसा करतात हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार? आपल्या जाड, जन्मभर खोबरेल प्यायलेल्या केसांवर तिची कात्री जपून जपून चालत होती. शेवटी तिने विचारलं, "ओने फ्योनन?" मी मोठ्या जाणकारीने मान डोलावली, "या, या!" फ्योनन म्हणजे ड्रायरने केस वाळवणं आणि ओने म्हणजे विना. वाळवायचे पैसे वेगळे असतात, ते मी वाचवले होते. बाहेर तापमान चार अंश. ओल्या केसांवर ओढणी गुंडाळून मी ट्रामच्या थांब्यावर उभी, शेजारची आजीबाई माझ्याकडे बघून मान हलवतेय. पुढचे आठ दिवस सर्दी. यात चूक त्या बाईची नव्हतीच, माझी होती.

व्हिएतनामची गोष्ट वेगळी. केस धुणं हेच तिथलं रोजचं काम, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय. त्याला 'गोय दऊ' म्हणतात, दऊ म्हणजे डोकं. जडीबुटीचं डोकंधुणं हवं असेल तर पार्लरवालीला 'बो केत' एवढंच म्हणा. ही आपल्या शिकेकाईची चुलत बहीण. काळ्या, चपट्या, वीतभर लांब शेंगा असतात. दोन्ही झाडं शेंगांच्याच कुळातली, दोन्हींत फेस करणारं द्रव्य एकाच जातीचं. फरक इतकाच की बो केत आधी निखाऱ्यावर खरपूस भाजतात आणि मग उकळतात, त्यामुळे पाण्याला धुराचा किंचित वास राहतो. त्यात पपनसाची साल पडते, गवती चहा पडतो, आणि 'हुओंग न्यू' नावाचा एक पाला पडतो. त्याची जांभळट जात म्हणजे आपली तुळस. अगदी वृंदावनातली.

आमच्या लहानपणी गिरगावातल्या चाळीत रविवारी न्हाणं असायचं. आजी आदल्या रात्री शिकेकाई, रिठे, आवळकाठी भिजत घालायची आणि सकाळी पितळी पातेल्यात उकळायची. मोरीत पाटावर बसवून डोक्यावर तांब्या ओतायला लागली की आमची बोंब मजल्यावर ऐकू जायची, कारण डोळ्यांत गेलेल्या शिकेकाईसारखी आग दुसरी नाही. हनोईच्या जुन्या भागातल्या एका बोळात मी पहिल्यांदा त्या खाटेवर झोपले आणि तो वास आला, तेव्हा मी आपोआप डोळे गच्च मिटून घेतले. साठीच्या बाईने! ती पोरगी थांबली. तिला वाटलं, दुखतंय.

दुखण्यासारखं काही नसतं. आपल्याकडे खुर्चीत बसवून मान मागे बेसिनवर टेकवतात आणि दहा मिनिटांत मानेचा दगड होतो, तसं तिथे नाही. सरळ लांब झोपायचं, डोकं फक्त भांड्यावर. आधी चेहरा पुसतात, मग कपाळ आणि भुवयांची टोकं दाबतात, मग दहाही बोटं केसांच्या मुळात. दोनदा, तीनदा धुतात. मधेच मान आणि खांदे. जरा बऱ्या ठिकाणी शेवटी डोक्यावर एक अर्धगोल नळी आणतात, तिला ओळीने भोकं, त्यांतून कोमट पाण्याची धार कपाळापासून मागे वाहत राहते. पाऊण तास ते तास. त्यानंतर केस वाळवतात आणि त्याचे पैसे बहुतेक त्यातच धरलेले असतात. तरी माझी सर्दी आठवून आधी विचारा.

आता नणंदबाईंचे मुद्दे. त्यांना उडवून लावू नका, निम्मं त्यांचं बरोबर आहे. उवा मुख्यतः डोक्याला डोकं लागून होतात, धुण्याने नाही. आपला कंगवा पर्समधून घेऊन गेलात की तोही प्रश्न मिटला. पाण्याची गोष्ट मात्र खरी. त्या अर्धगोल नळीतून येणारं पाणी बऱ्याच ठिकाणी तेच तेच फिरत असतं, खालच्या भांड्यातून पंपाने वर. त्यामुळे भांडं तुमच्यासमोर रिकामं करून नव्याने भरतात का ते बघा. भरत नसतील तर ती नळी नको म्हणा, नुसत्या हाताच्या शॉवरने धुवा. मजा फारशी कमी होत नाही. टॉवेल स्वच्छ आहेत का ते आत शिरल्या शिरल्या कळतं. आपल्याला बावीस वर्षांचा अनुभव आहे, नाकाला विचारा.

ज्याला मी हात जोडून नाही म्हणते ते ब्लेड. केस धुता धुता चेहऱ्यावरची लव वस्तऱ्याने काढून देऊ का, कान कोरून देऊ का, असं विचारतात. कपाळाला दिवा बांधून, सात-आठ बारीक हत्यारं ओळीने मांडून कान साफ करायची तिथे मोठी हौस. चौपाटीवरच्या कानकोऱ्याला आपण कधी जवळ फिरकू दिलं नाही, तिथे कशाला? व्हिएतनाममध्ये हिपॅटायटिस बीचं प्रमाण बरंच आहे, आणि ते न उकळलेल्या हत्यारावरच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या रक्तातूनही येतं. पेडिक्युअर करायचंच असेल तर आपला नेलकटर आणि कानस चेक-इन बॅगेतून न्या, आणि नखांच्या मुळाशी असलेली कातडी कापू देऊ नका. हिपॅटायटिस बीची लस तुम्ही घेतलेली नसेल तर सहलीला जा वा न जा, डॉक्टरांना विचारून घेऊन टाका. तीन डोस असतात, साधारण सहा महिने लागतात, म्हणजे ह्यूस्टनच्या आधी सहज होईल.

दुसरं, मान. कोणी हनुवटी धरून मान कडकन मोडायला लागलं तर लगेच हात धरा. आपले जुने न्हावीही करायचे आणि पुरुषांना त्याचं कोण कौतुक! पन्नाशीनंतर तो खेळ नको, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

आणि गोरं करून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही क्रीमला, लेपाला नकार. तिथल्या बायकांना उन्हाचा इतका धाक की भर उन्हाळ्यात स्कूटरवर पूर्ण बाह्यांचे जाकीट, हातमोजे आणि डोळ्यांखाली सगळं झाकणारा मास्क. गोरेपणाचा धंदा त्यामुळे तिथेही तेजीत. अशा बिनलेबलच्या क्रीममध्ये पारा सापडतो आणि पारा मूत्रपिंडावर जातो. आपल्या सावळ्या रंगाने इतकी वर्षं काही अडलं नाही.

भाषेचं म्हणाल तर एक गंमत आहे. व्हिएतनामीत अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारतात, आपल्यासारखीच. वयाने लहान पोरीला 'एम ओय' म्हणायचं, म्हणजे "अगं ए" म्हटल्यासारखं, पण प्रेमाने. ती तुम्हाला 'ची' म्हणाली तर ताई, 'को' म्हणाली तर आत्या. रेल्वेत कोणी काकू म्हटलं की आपला चेहरा होतो तसा करून घेऊ नका. मला पहिल्या पार्लरमध्ये 'को' म्हणाले आणि मी वाळवलेले केस झटकत बाहेर पडले तेव्हा 'ची' म्हणाले. ती चूक होती की शिष्टाचार, मी खोलात गेले नाही.

दोन शब्द घोकून जा. 'न्ये' म्हणजे हलक्या हाताने, आणि 'दाव' म्हणजे दुखतंय. दऊ डोकं आणि दाव दुखणं, आपल्या कानाला दोन्ही जवळजवळ सारखंच, आणि त्यांच्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. त्यामुळे शब्द बोलताना तोंडही वाकडं करा. ते सगळ्या देशांत समजतं.

पैशांचं थोडक्यात. दरपत्रकात '१०० के' असेल तर ते एक लाख डाँग. मोटामोटी तीनशे डाँगांना एक रुपया धरा, म्हणजे साडेतीनशेच्या आतबाहेर. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच, आणि ओल्या केसांनी, चश्मा न घालता पैसे देताना आपण हमखास पाच लाखांची देतो. ही नोट हॉटेलवर ठेवूनच निघा. बक्षिशी द्यायची सक्ती नाही, पण ज्या हातांनी तासभर डोकं चोळलं त्या हातात थोडे जास्त ठेवले तर वाया जात नाहीत.

ठिकाण कसं निवडायचं? ज्या दारावर पर्यटकांसाठी इंग्रजीत मोठी पाटी आणि बाहेर मेनूकार्ड घेऊन उभी असलेली पोरगी, ते सोडा. हॉटेलात सफाई करणाऱ्या बाईला विचारा, तू डोकं कुठे धुतेस? तिने दाखवलेल्या ठिकाणी सकाळी दहा-अकराला जा, तेव्हा टॉवेल ताजे असतात आणि गर्दी कमी.

केस रंगवायचं तिथे अजिबात काढू नका. काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एखादीला पंधरा वर्षं रंगवल्यानंतरही एकदम उलटू शकते. डोळे सुजून बंद होतात. म्हणून नव्या कंपनीचा रंग असेल तर कानामागे लावून ४८ तास वाट बघायची असते, आणि सहलीत ४८ तास थांबायला वेळ कोणाला आहे? निघायच्या पाच-सहा दिवस आधी तुमच्या नेहमीच्या बाईकडे, नेहमीच्या रंगाने रंगवून घ्या. वॅक्सिंगही तेव्हाच. होई आनजवळ समुद्र आहे, आदल्या दिवशी वॅक्स करून खाऱ्या पाण्यात आणि उन्हात उतरलात तर रात्रभर पंख्याखाली पाय पसरून बसाल. समुद्रकिनाऱ्यावर कोणी काळ्या मेंदीचा टॅटू काढून देतो म्हणाला तर तोही नको. मेंदी काळी नसते. काळी असली तर बहुतेक त्यात हेच पीपीडी, आणि तेही थेट कातडीवर.

ह्यूस्टनची चिंता सोडा. तिथे हिलक्रॉफ्ट नावाचा रस्ता आहे, त्या भागाला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असंच नाव दिलंय. साड्या, दागिने, चाट सगळं मिळतं, तेव्हा दोराही मिळेलच. हा दोरा तर टेक्सासात कोर्टापर्यंत जाऊन आलाय. भुवया करायच्या तर ब्यूटिशियनचं लायसन्स हवं आणि त्यासाठी ७५० तासांचं शिक्षण हवं, असा तिथला नियम होता. त्यात दोऱ्याशी संबंध नसलेलंच पुष्कळ. दोरेवाले भांडले आणि २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दातात दोऱ्याचं टोक धरून "ताई, जरा ताणून धरा" म्हणणाऱ्या आपल्या बायकांच्या कामावर इतके काळे कोट बसले होते, हे मला फार आवडतं. भाव मात्र मुलुंडचा आठवू नका, आणि वर पंधरा-वीस टक्के टिप. ती तिथे बक्षिशी नसून जवळपास पगारच आहे.

त्याच ह्यूस्टनमध्ये मुलीबरोबर नखं करायला गेलात तर समोर बसलेली बाई व्हिएतनामी असण्याची शक्यता दाट. १९७५ मध्ये युद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या एका छावणीत निर्वासित व्हिएतनामी बायका राहत होत्या. हॉलिवूडची अभिनेत्री टिपी हेड्रन त्यांना भेटायला जायची. बायकांचं लक्ष तिच्या नखांवरच. मग तिने आपल्या नखं करणाऱ्या बाईलाच तिथे आणलं आणि २० जणींना काम शिकवायची व्यवस्था केली. अमेरिकेतला हा धंदा आज बऱ्याच अंशी व्हिएतनामी हातांत आहे, त्याची सुरुवात तिथली. तेव्हा डिसेंबरात शिकलेलं 'एम ओय' पुसून टाकू नका, ह्यूस्टनला चालेल. नखांच्या दुकानात मी एकदा वापरलं. ती बाई आधी दचकली, मग माझ्या अंगठ्याला नेलपॉलिशचा दुसरा हात फुकट दिला.

राहता राहिली तुमची पार्लरवाली. तिला सांगायचं की नाही? न सांगून चालणारच नाही. बावीस वर्षं जिचे हात तुमच्या डोक्यात आहेत तिला पहिल्या फणीलाच कळेल. उलट तिला आधी विचारून जा, काय काय बघून येऊ म्हणून. माझी दादरची बाई रुसेल असं मलाही वाटलं होतं. मी परत आल्यावर तिला त्या अर्धगोल नळीचा फोटो दाखवला. तिने तो दोन बोटांनी मोठा करून भोकं मोजली, खालचं भांडं कुठे जोडलंय ते बघितलं, आणि मग माझ्या वरच्या ओठाला दोरा लावता लावता, दातातलं टोक न सोडता, म्हणाली, "आपल्या प्लंबरला जमेल हे."